मोटार विमा : पॉलिसी वाचण्यापूर्वी

गाडी घेताना आपण मायलेज, रंग, सीटकव्हर सगळे पारखून घेतो. विम्याची पॉलिसी मात्र न वाचताच कप्प्यात जाते. हा विषय रुक्ष वाटतो खरा, पण त्याच्या मुळाशी मोठा विचार आहे. आपल्या गाडीने एखाद्या अनोळखी माणसाला इजा झाली, तर त्याची भरपाई आपल्या ऐपतीवर अवलंबून राहू नये. म्हणूनच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे.

वाचकांनी पॉलिसीतील प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारावा : यातले पैसे कुणाला मिळणार? थर्ड पार्टीचे पैसे समोरच्याला मिळतात. मृत्यू किंवा दुखापत झाल्यास त्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीसाठी मोटारीला साडेसात लाखांची आहे. आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी यातून काहीही मिळत नाही.

ते काम ‘ओन डॅमेज’चे. अपघात, चोरी, आग, पूर हे त्यात येतात. हे दोन्ही भाग एकत्र असले की त्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, पण त्यालाही मर्यादा आहेत. समजा, प्लास्टिकचा बंपर फुटला आणि नव्याची किंमत आठ हजार आहे. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा धरतात, म्हणजे चार हजार तुमच्या खिशातून जातात. ‘झिरो डेप’ हे पूरक संरक्षण घेतले असेल, तर हा घसारा कापला जात नाही. पुराच्या पाण्यात गाडी सुरू केल्याने इंजिन बिघडले, तर साधी पॉलिसी बहुधा पुरत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षण वेगळे घ्यावे लागते. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या मुंबईकरांना याचे मोल सांगायला नको.

थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते, त्यामुळे तुलना करायची ती ओन डॅमेज आणि पूरक संरक्षणांची. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, हप्ता कमी करण्यासाठी घटवून घेऊ नका. गाडी चोरीला गेली तर भरपाई त्याच आकड्यावरून ठरते. दावा न केल्यास मिळणारा नो क्लेम बोनस पाच वर्षांत २० वरून ५० टक्क्यांपर्यंत जातो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून गाडी विकताना तो आपल्याकडे राखून ठेवा.

आता तुमची पॉलिसी काढा आणि आधी ‘काय मिळणार नाही’ हा भाग वाचा. तो समजला की बाकीची पाने अवघड जाणार नाहीत.