खाण नव्हे, वीज

लातूर-नांदेडच्या काळ्या रानाखालच्या बेसाल्टमध्ये अॅल्युमिनियम आहे. तसाच दगड सह्याद्रीच्या माथ्यावर युगानुयुगांच्या पावसाने झिजला आणि राधानगरी-चंदगडच्या पठारांवर त्याचे बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचे खनिज, झाले. मराठवाड्याला तो पाऊस नाही, म्हणून बॉक्साइट नाही, आणि बॉक्साइट नाही म्हणून कारखाना नाही, असे सहज वाटते. जर्मनची भांडी घरोघरी पोचवणाऱ्या या धातूचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो: त्याची जागा खाणीने नव्हे, विजेने ठरवली. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू यांनी वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात बॉक्साइटपासून काढलेला अॅल्युमिना विरघळवून त्यातून विद्युतप्रवाह सोडला. पद्धत मुळात आजही तीच आहे आणि एक किलो धातूला सुमारे 14 युनिट वीज लागते. त्यामुळेच 1943 मध्ये केरळातल्या अलुपुरमला पल्लीवासलच्या जलविजेवर अॅल्युमिनियम निघू लागले. पुढे त्यासाठीचा अॅल्युमिना थेट आजच्या झारखंडातल्या मुरीहून येई.

यावर आक्षेप असा, की कोल्हापूरचे बॉक्साइट आणि 1962 पासून कोयनेची वीज जवळजवळ असूनही महाराष्ट्रात अॅल्युमिनियमची भट्टी उभी राहिली नाही. पण हा दाखला विजेचेच महत्त्व सांगतो. 1965 मध्ये स्थापन झालेल्या बाल्को या सरकारी अॅल्युमिनियम कंपनीच्या आराखड्यात आजच्या छत्तीसगडातल्या कोरबाबरोबर कोयनाही होते. कोळशाच्या विजेजवळचे कोरबा उभे राहिले, कोयनेचा प्रकल्प रत्नागिरीकडे सरकला आणि विरला. बेळगावला इंडाल या अॅल्युमिनियम कंपनीची भट्टी सुरू झाली, पण वीजटंचाई आणि महागडी वीज यांपुढे ती टिकली नाही. बॉक्साइट जवळ असूनही बेळगावला उरला तो अॅल्युमिना. दुसरा आक्षेप, आज तारांवरून वीज कुठेही नेता येते. नेता येते, पण ती अखंड हवी: काही तास पुरवठा तुटला तर भट्टीच्या विद्युतघटांतला वितळलेला रस थिजतो आणि घट निकामी होतात.

म्हणून मराठवाड्याची खरी उणीव खनिजाची नाही. लातूरशेजारच्या परळीचे औष्णिक वीजकेंद्र 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पाणी थांबले की वीज थांबते, आणि वीज थांबली की विजेवर निघणारा धातूही थांबतो. लातूर-नांदेडला अवजड उद्योग मागणाऱ्यांनी खाणींचे नकाशे बाजूला ठेवावेत आणि आधी पाण्याचा व अखंड विजेचा हिशेब मागावा.