हँग होणारा पीसी आणि लेबलवरचे वॅट

पीसी हँग झाला की आपल्याकडे उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी व्हायरस शोधायचा, मग विंडोज फॉरमॅट, मग रॅम काढून खोडरबराने घासायची, आणि शेवटी घरातल्या पोराला झापायचं, "गेम खेळून वाट लावलीस!" एसएमपीएसच्या पत्र्याच्या डब्याकडे कोणी बघत नाही. पंखा फिरतोय ना? मग चांगलाच असणार. गंमत म्हणजे ही भानगड जवळजवळ पीसीइतकीच जुनी आहे.

१९८१ साली आयबीएमने पहिला पीसी काढला, त्यातला सप्लाय होता फक्त ६३.५ वॅटचा. ५ व्होल्टच्या लाइनवर ७ अँपिअर, म्हणजे ३५ वॅट. १२ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे २४. उरलेले साडेचार दोन किरकोळ निगेटिव्ह लाइन्सचे. फ्लॉपीपुरतं हे ठीक होतं. पण लोक त्यात हार्ड डिस्क बसवायला लागले आणि सप्लायची दमछाक झाली. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, आणि थांबलेली तबकडी फिरवताना सुरुवातीला जास्तच करंट ओढते. १९८३ च्या एक्सटीत आयबीएमने १० एमबीची डिस्क दिली, तेव्हा सप्लाय १३० वॅटचा केला आणि १२ व्होल्टची लाइन ४.२ अँपिअरवर नेली.

आता प्रश्न असा, की वीज कमी पडली तर पीसी सरळ बंद का पडत नाही? हँग का होतो? सप्लायकडून मदरबोर्डला 'पॉवर गुड' नावाचा एक सिग्नल जातो. व्होल्टेज फारच घसरलं की तो जातो आणि मशीन रिसेट होतं. पण घसरण थोडी आणि क्षणभराचीच असेल तर सिग्नल तसाच राहतो, आणि तेवढ्यात प्रोसेसर किंवा रॅममध्ये एखादा बिट चुकतो. मग स्क्रीन गोठते, माउस हलत नाही, आणि आपण शिव्या घालतो विंडोजला!

२००० साली पेंटियम ४ आला आणि खेळच बदलला. तोवर प्रोसेसरची वीज बहुधा ५ व्होल्टच्या लाइनवरून घेतली जायची. पण ६० वॅटला ५ व्होल्टवर १२ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर फक्त ५. करंट कमी तर तारेतला लॉसही कमी. म्हणून चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा कनेक्टर आला. पुढे ग्राफिक्स कार्डांचा भारही मुख्यतः याच लाइनवर पडला. आपल्याकडे मात्र लॅमिंग्टन रोडवर पीसी असेंबल करताना एसएमपीएस बऱ्याचदा कॅबिनेटबरोबरच यायचा, आणि त्याच्यावरचा मोठा आकडा तेवढा बघितला जायचा.

इंजिनिअरिंगला असताना मामांचा असाच एक पीसी माझ्याकडे आला. तीनदा फॉरमॅट झालेला, रॅमही नवी. गेम सुरू केला की दहा मिनिटांत हँग, नुसतं टायपिंग केलं तर दिवसभर ठणठणीत. लेबलवर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टवर १४ अँपिअर. म्हणजे १६८ वॅट, बस्स! ग्राफिक्स कार्ड काढून ऑनबोर्डवर तोच गेम चालवला, तर दोन तास हँग नाही. मग कार्ड परत लावलं, १२ व्होल्टवर ३० अँपिअर देणारा एसएमपीएस जोडला, आणि त्रास संपला. मल्टिमीटर आधीही छान १२ दाखवत होता. पण तो सरासरी दाखवतो, मिलिसेकंदाची डुबकी त्याला दिसत नाही. म्हणून खरी परीक्षा दोनच: भार कमी करून बघणं, नाहीतर खात्रीचा सप्लाय लावून बघणं.

हे प्रकरण जुनं झालं असंही नाही. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये मोठ्या ग्राफिक्स कार्डांसाठीच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता रेटिंगच्या दुप्पट भार झेलावा, अशी अट घालावी लागली. म्हणजे एक्सटीच्या डिस्कचाच धडा, चाळीस वर्षांनी पुन्हा.

असो. मामेभावाने गेममुळे तीन वर्षं बोलणी खाल्ली होती. मामांचं अर्धं बरोबर होतं म्हणा, मशीन गेममुळेच हँग व्हायचं. पण दोष पोराचा नव्हता, १२ व्होल्टच्या लाइनचा होता. तेव्हा पुढच्या वेळी फॉरमॅट मारण्याआधी कॅबिनेट उघडा आणि ती बारीक अक्षरं वाचा.