आरसा, अवकाश दुर्बिणीचा
ऊन-सावलीच्या फरकाने आरसा किंचित जरी वाकला तरी प्रतिमा धूसर होते; शिवाय उड्डाणाचे हादरे सोसायचे ते वेगळेच. म्हणून हबल अवकाश दुर्बिणीचा २.४ मी. व्यासाचा आरसा आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ असून तो हीटरने सुमारे २१° से. तापमानाला राखतात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या आरशाचे १८ बेरिलियम खंड खोलीच्या तापमानाला मुद्दाम थोडे ‘चुकीचे’ घासले, ते उणे २३०° से.च्या आसपास नेमक्या आकारात येतात. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील (२०१५) अतिनील दुर्बिणींचे आरसे अवघे ३७.५ सेंमी. व्यासाचे; या दुर्बिणींच्या कामात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा सहभाग होता. आरसे झेरोडुर या काच-सिरॅमिकचे, नळी इन्व्हार या मिश्रधातूची. दोन्ही पदार्थ तापमानाने फारसे प्रसरण पावत नाहीत. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने याच उपग्रहासाठी केलेल्या क्ष-किरण दुर्बिणीत मात्र एकसंध आरसा नाहीच. त्याऐवजी सोन्याचा थर दिलेले ३२० पातळ ॲल्युमिनियम पत्रे एकात एक बसवले आहेत.