आशियाई फुटबॉल महासंघ व त्याच्या स्पर्धा : बालेवाडीच्या निमित्ताने

कात्रजहून निघून पुण्याला वळसा घालीत देहूरोडकडे जाणारा बाह्यवळण मार्ग शहराच्या वायव्येस बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुलाच्या कडेने जातो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी हे संकुल उभारण्यात आले. २००८ मध्ये येथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा भरल्या. त्यानंतरच्या काळात आशिया खंडाच्या फुटबॉलचे काही निर्णायक सामने याच मैदानावर झाले. ही गोष्ट पुणेकरांच्या स्मरणात जितकी असावयास हवी तितकी नाही, आणि याचे कारण केवळ क्रिकेटचे वर्चस्व हे सांगून भागणार नाही. खंडाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे स्वरूप कसे बनत गेले, तिने 'आशिया' या शब्दाचा अर्थ वेळोवेळी काय केला, आणि त्या अर्थात आपल्या देशाचे व या शहराचे स्थान कोणते राहिले, हे पाहिल्याखेरीज त्याचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

आशियाई फुटबॉल महासंघाची स्थापना ८ मे १९५४ रोजी मनिला येथे झाली. संस्थापक सभासद बारा होते. त्यांत अफगाणिस्तान, ब्रह्मदेश, हाँगकाँग, इंडोनेशिया, जपान, दक्षिण कोरिया, पाकिस्तान, फिलिपाइन्स, सिंगापूर, व्हिएतनाम व तैवान यांच्याबरोबर भारतही होता. या यादीत एकही अरब राष्ट्र नाही, इराण नाही, आणि साम्यवादी चीनही नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आज या महासंघाच्या धनबळाचा मोठा भाग पश्चिम आशियातून येतो. परंतु जन्माच्या वेळी ही संस्था मुख्यतः आग्नेय व पूर्व आशियाची होती. खंडाचे संघटन ही कल्पना मात्र तिच्याहून जुनी. १९५१ साली दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या व त्यांत भारताने इराणचा १-० असा पराभव करून फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हा महासंघ अस्तित्वातही नव्हता. भारत आशियाई फुटबॉलमध्ये प्रथम विजेता झाला आणि नंतर संस्थापक सभासद. पुढील इतिहासात हा क्रम उलट का झाला, म्हणजे सभासदत्व टिकून विजय का दुरावले, याची चर्चा क्रीडासमीक्षकांनी पुष्कळ केली आहे. येथे तिचा विस्तार करण्याचे कारण नाही.

राष्ट्रीय संघांसाठी महासंघाने १९५६ मध्ये हाँगकाँग येथे आशिया चषक सुरू केला. पहिले दोन चषक दक्षिण कोरियाने जिंकले. तिसरा, १९६४ चा, इस्रायलमध्ये झाला. त्यात भारत दुसरा आला. या उपविजेतेपदाचा उल्लेख आपल्याकडे अभिमानाने केला जातो व तो योग्यच आहे. दक्षिण कोरियाला २-० व हाँगकाँगला ३-१ असे हरविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने हेही नोंदविले पाहिजे की स्पर्धेत संघ चारच होते, आणि पात्रता फेरीतील प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे भारत तेथपर्यंत न खेळताच पोहोचला होता. याउलट १९६२ च्या जकार्ता येथील सुवर्णपदकाचे मोल मोठे आहे. इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला, आणि परिणामी भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. अशा वातावरणात, प्रेक्षकांच्या हुर्यो ऐकत, भारतीय संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा २-१ असा पाडाव केला. या संघात मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे, मूळचे गोव्याचे फोर्तुनातो फ्रांको होते. त्यापूर्वी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हेही मुंबईच्याच मैदानांवर घडलेले. रोव्हर्स चषकाच्या, म्हणजे १८९१ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेच्या, छायेत वाढलेल्या या परंपरेचा पुण्याशी संबंध फारच थोडा आला.

जकार्तास जे घडले ते अपवादात्मक नव्हते. कोण आशियाई आणि कोण नाही, हा प्रश्न महासंघाच्या कारभारात पुढे वारंवार उपस्थित होत राहिला. क्लबांची आशियाई स्पर्धा १९६७ मध्ये सुरू झाली. १९७१ मध्ये बँकॉक येथे इराकच्या अलियात अल्-शुर्ता संघाने मॅकाबी तेल अवीवबरोबर अंतिम सामना खेळण्यास नकार दिला, आणि त्यानंतर ही स्पर्धा १९८५ पर्यंत बंद राहिली. १९७४ मध्ये क्वालालंपूर येथील अधिवेशनात १७ विरुद्ध १३ मतांनी इस्रायलला महासंघाच्या स्पर्धांतून वगळण्यात आले. त्याच सुमारास चीनला प्रवेश मिळाला व तैवानला बाहेर पडावे लागले. पुढे २००२ मध्ये कझाकस्तान युरोपच्या महासंघात गेला, तर २००६ मध्ये ऑस्ट्रेलिया आशियात आला. भूगोलाच्या पुस्तकातील आशिया आणि फुटबॉलचा आशिया हे दोन वेगळे खंड आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या सीमाप्रश्नाची सर्वांत उद्बोधक बाजू स्त्रियांच्या फुटबॉलमध्ये आढळते, आणि नेमकी तीच बाजू अभ्यासकांकडून उपेक्षिली गेली आहे. महासंघ प्रारंभी केवळ पुरुषांच्या खेळाचा कारभार पाहत असे. स्त्रियांसाठी १९६८ मध्ये हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया व तैवान यांनी मिळून एक स्वतंत्र आशियाई महासंघ काढला. त्याने १९७५ मध्ये हाँगकाँग येथे पहिली स्पर्धा भरविली. तिची विजेती राष्ट्र म्हणून नोंद झाली ती न्यूझीलंडची! जे राष्ट्र आशियाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही त्याचे नाव आशियाई विजेत्यांच्या यादीत आजही पहिले आहे. त्यानंतरच्या तीन स्पर्धा, १९७७, १९७९ व १९८१ च्या, तैवानने जिंकल्या. म्हणजे पुरुषांच्या महासंघाने ज्याला दाराबाहेर काढले, तोच संघ स्त्रियांच्या महासंघात अनभिषिक्त राणी होऊन बसला होता. एकाच खंडाच्या, एकाच खेळाच्या या दोन संस्थांचे नकाशे निरनिराळे होते.

यांपैकी १९७९ ची म्हणून गणली जाणारी स्पर्धा प्रत्यक्षात जानेवारी १९८० मध्ये कालिकत येथे झाली. भारताने तिच्यात दोन संघ उतरविले. त्यांपैकी एक संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला व तैवानकडून ०-२ असा हरला. ऑस्ट्रेलियाच्या वतीने केवळ पश्चिम ऑस्ट्रेलिया या एका राज्याचा संघ आला होता. आजच्या नियमबद्ध दृष्टीला हे सारे अव्यवस्थित वाटेल. परंतु या सैलपणातच त्या चळवळीचे बळ होते. हाताशी आहेत तितके संघ घ्यावे, मैदान मिळेल तेथे खेळावे, अशी ती वृत्ती होती. १९८३ मध्ये बँकॉक येथे भारत पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि थायलंडकडून पराभूत झाला.

१९८६ मध्ये हा स्वतंत्र महासंघ आशियाई फुटबॉल महासंघात विलीन करण्यात आला. विलीनीकरणाने स्त्रियांच्या खेळास अधिकृत मान्यता व पुढे विश्वचषकाचा मार्ग लाभला, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच वेळी पुरुषांच्या संस्थेचा नकाशा स्त्रियांच्या खेळावर लादला गेला. तैवानच्या खेळाडूंना ओशियानियात जावे लागले, आणि तेथे जाऊन त्यांनी १९८६ व १९८९ ची ओशियानिया स्पर्धा जिंकून दाखविली. इकडे आशियात चीनने १९८६ पासून १९९९ पर्यंत सलग सात विजेतेपदे मिळविली. भारत या चित्रातून मागे सरकत गेला. एका संस्थेच्या विसर्जनाने दुसरीची प्रतिष्ठा वाढते, परंतु पहिलीच्या आश्रयाने उभे राहिलेले सर्वच जण दुसरीत सामावले जातात असे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते भारतीय स्त्रियांच्या फुटबॉलची १९८३ नंतरची दीर्घ पीछेहाट या दृष्टीने तपासून पाहणे आवश्यक आहे.

आता बालेवाडीकडे वळू. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात स्त्रियांचा आशिया चषक महाराष्ट्रात भरला. स्थळे तीन होती : नवी मुंबई, मुंबईतील अंधेरी आणि पुणे. संघांची संख्या आठावरून बारा करण्यात आली होती, आणि विश्वचषकाच्या पाच जागा थेट या स्पर्धेतून ठरावयाच्या होत्या. करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. यजमान भारताने नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. त्यानंतर भारतीय चमूत साथीचा शिरकाव झाला. २३ जानेवारीच्या सामन्यासाठी नियमानुसार आवश्यक असलेल्या किमान तेरा खेळाडूही उपलब्ध होऊ शकल्या नाहीत. नियमाप्रमाणे भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानण्यात आले व झालेल्या सामन्याचा निकालही रद्द ठरला. प्रतिस्पर्धी संघ होता तैवानचाच. १९८० मध्ये कालिकतला ज्या संघाविरुद्ध अंतिम सामना खेळण्यास भारताजवळ दोन संघांतून आलेला एक संघ होता, त्याच संघाविरुद्ध बेचाळीस वर्षांनी, स्वतःच्या भूमीवर, भारताला एकही संघ उभा करता आला नाही. साथ हे त्याचे तात्कालिक कारण होय. परंतु यजमानाच्या दुर्दैवास यत्किंचितही सवलत न देणारी नियमव्यवस्था हीच परिपक्व महासंघाची खूण मानावयाची की त्याच्या यांत्रिकतेची, याविषयी मतभेद संभवतो. सर्व संघांना नियम आधीच ठाऊक होते, सबब पहिले मत आम्हास अधिक ग्राह्य वाटते.

३० जानेवारी रोजी बालेवाडीस दोन उपांत्यपूर्व सामने झाले. एकात दक्षिण कोरियाने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० असे हरविले. दुसऱ्यात फिलिपाइन्स व तैवान यांची १-१ अशी बरोबरी होऊन निकाल पेनल्टींवर गेला. फिलिपाइन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने प्रतिपक्षाचे फटके तर अडविलेच, शिवाय स्वतः एक गोलही केला. ४-३ अशा विजयाने फिलिपाइन्स हे राष्ट्र, पुरुष वा स्त्रिया यांच्या कोणत्याही विश्वचषकासाठी, इतिहासात प्रथमच पात्र ठरले. ज्या मनिलात १९५४ साली महासंघ जन्मला त्या देशाचा हा अडुसष्ट वर्षांनंतरचा विजय पुण्याच्या मोकळ्या बाकांसमोर घडला. पुढच्याच वर्षी वेलिंग्टनला या संघाने विश्वचषकात न्यूझीलंडला १-० असे हरविले. ३ फेब्रुवारीचे दोन्ही उपांत्य सामनेही बालेवाडीसच झाले. त्यांत चीनने जपानला पेनल्टींवर हरविले, आणि नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात दोन गोलांनी मागे असताना कोरियावर ३-२ अशी मात करून आपले नववे विजेतेपद मिळविले.

पुण्याच्या स्वतःच्या क्लबांचा वृत्तांत याहून उदास आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफ. सी. हा संघ २०१४ मध्ये महासंघाच्या दुय्यम क्लबस्पर्धेत, एएफसी चषकात, खेळला; परंतु लवकरच त्याचा वरिष्ठ संघ बंद पडला. एफ. सी. पुणे सिटी हा व्यावसायिक संघ २०१४ ते २०१९ एवढाच काळ टिकला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. त्यामुळे २०२३ मध्ये आशियाई चँपियन्स लीगचे सामने पुण्यास आले ते पुण्याच्या संघाचे नव्हते. ते मुंबई सिटीचे होते. महासंघाच्या निकषांस उतरणारे मैदान हवे, म्हणून मुंबईच्या संघाने बालेवाडीचा आश्रय घेतला. १८ सप्टेंबर रोजी इराणच्या नसाजी संघाने तेथे त्याला २-० असे हरविले. सौदी अरेबियाच्या अल्-हिलालविरुद्धचा मोठा सामना मात्र नवी मुंबईस नेण्यात आला. गटातील सहाही सामने मुंबई सिटीने गमावले. २८ नोव्हेंबरला उझबेकिस्तानच्या नवबहोर संघाविरुद्ध झालेला सामना हा त्या हंगामातील बालेवाडीचा अखेरचा आशियाई सामना होता.