शस्त्रक्रियेतील भूल व रुग्णनिरीक्षण

शस्त्रक्रियेतील भूल व रुग्णनिरीक्षण : शस्त्रक्रियेच्या वेदना जाणवू नयेत म्हणून औषधांनी रुग्णाची शुद्ध किंवा शरीराच्या एखाद्या भागाची संवेदना तात्पुरती घालवणे आणि तेवढा वेळ त्याचा श्वास, रक्ताभिसरण व तापमान सांभाळणे. वैद्यकाच्या या शाखेला संवेदनाहरणशास्त्र किंवा बधिरीकरणशास्त्र म्हणतात. बोलीत ‘भूल देणे’ हाच शब्द रूढ आहे. पूर्ण भुलेत वेदनेबरोबर शरीराचे इतर पहारेही उठतात. घशात काही गेले तर ठसका लागत नाही, श्वास कोंडला तर धडपड होत नाही, थंडी वाजली तर अंग कुडकुडत नाही. रुग्णाला जे सांगता येत नाही ते त्याच्या वतीने वेळेत ओळखणे ही भूलतज्ज्ञाची मुख्य जबाबदारी असते. भूल देणे आणि रुग्णावर लक्ष ठेवणे ही म्हणूनच एकाच कामाची दोन अंगे आहेत.

इतिहास : 16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या भुलेचे यशस्वी जाहीर प्रात्यक्षिक केले. हा दिवस जागतिक भूल दिन म्हणून पाळला जातो. 1847 मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने काही मिनिटांतच दगावली. इतक्या किरकोळ शस्त्रक्रियेत मृत्यू का यावा, या प्रश्नाने पुढची सहा दशके वैद्यकाला अस्वस्थ ठेवले. लंडनचे जॉन स्नो यांनी क्लोरोफॉर्मची मात्रा मोजून देण्यावर भर दिला.

या वादात भारताचा थेट वाटा आहे. हैदराबादचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचे मत असे, की क्लोरोफॉर्मने हृदयाआधी श्वास थांबतो. म्हणून नाडीकडे न पाहता केवळ श्वासाकडे पाहावे. ते तपासण्यासाठी निजामाच्या आर्थिक साहाय्याने 1888 व 1889 मध्ये दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. प्राण्यांवरील प्रयोगांवरून त्यांनी लॉरी यांचेच मत उचलून धरले. मात्र 1911 मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल उथळ असतानाही हृदयाचे ठोके अचानक विस्कळीत होऊन प्राण जाऊ शकतो. श्वास की नाडी हा प्रश्नच चुकीचा होता. लक्ष दोन्हींवर हवे, हे त्यातून पक्के झाले. हैदराबादेत क्लोरोफॉर्म देणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी या जगातील सर्वांत आधीच्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये गणल्या जातात.

नोंद ठेवण्याची शिस्त 1894 च्या सुमारास बॉस्टनमध्ये सुरू झाली. विद्यार्थिदशेत ईथर देत असताना हार्वी कुशिंग यांच्या हातून एक रुग्ण दगावला. त्यानंतर त्यांनी व अर्नेस्ट कॉडमन यांनी भुलेदरम्यानची नाडी व श्वास कागदावर आलेखाच्या रूपाने टिपायला आरंभ केला. 1901 मध्ये कुशिंग यांनी इटलीतून रिव्हा-रॉची यांचा दंडाला बांधायचा रक्तदाबमापक पट्टा अमेरिकेत नेला. 1974 मध्ये जपानचे ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. 1986 मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ अनेस्थेशियॉलॉजिस्ट्सने निरीक्षणाचे किमान निकष ठरवले. त्यांतला पहिला निकष यंत्राविषयी नाही: भूल चालू असेपर्यंत प्रशिक्षित व्यक्तीने रुग्णाजवळून हलू नये.

भूलपूर्व तपासणी : भुलेचे नियोजन शस्त्रक्रियागृहाबाहेर सुरू होते. जुने आजार, चालू औषधे, ॲलर्जी, आधीच्या भुलेत किंवा घरातल्या कुणाला भुलेत झालेला त्रास यांची चौकशी होते. तोंड किती उघडते, मान किती वळते, दात हलतात का, हे श्वासनलिकेत नळी घालणे किती अवघड जाईल याच्या अंदाजासाठी पाहतात. तोंड उघडल्यावर घशाचा किती भाग दिसतो यावरून केलेली, 1985 मध्ये प्रसिद्ध झालेली वर्गवारी मूळच्या आंध्र प्रदेशातील शेषगिरी मल्लमपती यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलक्या आहारानंतर 6 तास, आईच्या दुधानंतर 4 तास व पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानंतर 2 तास पोट रिकामे ठेवतात. भुलेत पोटातले अन्न उलटून फुप्फुसांत गेले तर ते प्राणावर बेतते. म्हणून ‘फक्त चहा-बिस्कीट घेतलं’ हेही लपवू नये.

भुलेचे प्रकार : टाके घालण्यासारख्या छोट्या कामात तेवढीच जागा बधिर करतात. सिझेरियन किंवा कमरेखालील शस्त्रक्रियांत पाठीच्या मणक्यांमधून औषध देतात. रुग्ण जागा राहतो, पण रक्तदाब उतरू शकतो. पूर्ण भुलेचे तीन टप्पे असतात : भूल चढवणे, टिकवणे व उतरवणे. चढवण्यापूर्वी मुखवट्यातून काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देतात. त्यामुळे नळी घालताना श्वास थांबला तरी निरोगी प्रौढाला काही मिनिटांचा अवधी मिळतो. नुसत्या हवेवर तो एखाद-दुसऱ्या मिनिटाचाच असतो. त्यानंतर प्रोपोफॉलसारखे औषध शिरेतून देतात, गरजेप्रमाणे स्नायू शिथिल करतात आणि पुढे सेव्होफ्ल्युरेनसारख्या वायूवर किंवा शिरेतील औषधांवर भूल टिकवतात.

निरीक्षण : ईसीजी हृदयाच्या ठोक्यांची लय दाखवतो. रक्तदाब निदान दर पाच मिनिटांनी मोजून नोंदवतात. बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर लाल व अवरक्त प्रकाशाच्या शोषणातील फरकावरून रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी काढतो. त्याचा ‘टिक्-टिक्’ स्वर टक्केवारीबरोबर खाली उतरतो, त्यामुळे नजर दुसरीकडे असली तरी बदल कानाला कळतो. कॅप्नोग्राफ उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजतो. त्याचा नेहमीचा दाब 35 ते 45 मिमी पारा असतो.

ही यंत्रे एकमेकांच्या उणिवा भरून काढतात. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर आधी भरलेल्या ऑक्सिजनमुळे ऑक्सिमीटर काही मिनिटे उत्तम आकडा दाखवत राहतो; कॅप्नोग्राफचा आलेख मात्र लगेच सपाट पडतो. तो आलेख मध्येच कोसळला तर नळी सुटली का, रक्ताभिसरण थांबले का, हे त्याच क्षणी पाहावे लागते. कार्बन डाय-ऑक्साइड व नाडी विनाकारण चढत गेली तर घातक अतिताप या दुर्मिळ आनुवंशिक विकाराची शंका घेतात. त्यावर डँट्रोलीन हे औषध आहे. दीर्घ शस्त्रक्रियेत तापमान 36 अंश सेल्सिअसखाली जाऊ नये म्हणून रुग्णाला गरम हवेची पांघरुणे घालतात. लघवीचे प्रमाण, रक्तस्राव व स्नायूंचा शिथिलपणा हेही मोजतात.

मर्यादा : थंड बोटे, नखांचा रंग किंवा रक्तातील कार्बन मोनॉक्साइड यांमुळे ऑक्सिमीटर फसतो, गडद त्वचेत तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. भुलेत अर्धवट जाग येण्याचे प्रकार विरळ असले तरी रुग्णाच्या मनावर त्यांचा घाव खोल असतो. ब्रिटनमधील 2014 च्या राष्ट्रीय पाहणीत पूर्ण भुलेच्या सुमारे 19,000 घटनांमागे एका रुग्णाने अशी तक्रार नोंदवल्याचे आढळले. स्नायू शिथिल केलेले असताना धोका अधिक, कारण जागा झालेला रुग्ण बोटही हलवू शकत नाही. ओलसर डोळे, कपाळावरचा घाम, जखमेतल्या रक्ताचा काळसर रंग, शल्यचिकित्सकाच्या हाताखाली काय चालले आहे, या गोष्टी कोणत्याही पडद्यावर उमटत नाहीत. त्या माणसालाच पाहाव्या लागतात.

भूल उतरणे : स्नायूंची ताकद परतल्याची खात्री झाली, श्वास पुरेसा व रुग्णाचा स्वतःचा असला आणि सूचना समजू लागली, की नळी काढतात. ‘डोळे उघडा, जीभ बाहेर काढा’ ही हाक म्हणजे तपासणीच असते. पुढे पुनर्प्राप्ती कक्षात श्वास, रक्तदाब, वेदना, मळमळ व शुद्ध यांवर लक्ष ठेवतात, आणि तिथल्या परिचारिकेला शस्त्रक्रियेत घडलेले सर्व तोंडी व लेखी सांगून रुग्ण सोपवतात. दुखते, थंडी वाजते, तहान लागली, असे रुग्ण स्वतः सांगू लागेपर्यंत हा पहारा चालू राहतो.