बाप्तिस्मा : आरंभ कीं शेवट?

‘बाटला’ हा एक शब्द उच्चारला म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रीय कुटुंबांत बाप्तिस्म्याविषयींचें बोलणें संपत असे. पाणी अंगावर पडलें, मनुष्य जातींतून गेला. पुढें विचारण्यासारखें कांहीं उरलें नाहीं! परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशूनें दिलेली आज्ञा निराळी आहे. लोकांना शिष्य करावें, बाप्तिस्मा द्यावा आणि आज्ञा पाळावयास शिकवावें, असा तेथें क्रम आहे. म्हणजे पाण्यानंतरहि शिकणें उरतेंच. आपल्याकडील कांहीं चरित्रें या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत.

प्रथम, ज्याला बाप्तिस्मा मिळालाच नाहीं अशा मुलाची हकीकत पाहूं. १८४३ सालीं मुंबईस नारायण शेषाद्रि यांनीं स्कॉटिश मिशनमध्यें बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनीं न्यायालयांत जाऊन त्याला परत मिळविलें. त्याच्यावर पाणी पडलें नव्हतें. पण तेथील अन्न पोटांत गेलें होतें, आणि बहिष्कारास तेवढें पुरलें. प्रायश्चित्त देऊन मुलाला जातींत घ्यावें असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनीं उचलला, तेव्हां सनातन्यांचा रोष त्यांच्यावरहि ओढवला. पुढें १८५० च्या कायद्यानें धर्मांतर करणाराचा वारसाहक्क सुरक्षित झाला. पंगतींतला पाट मात्र कोणताहि कायदा परत देऊं शकत नव्हता.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याहून निराळा. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडमधील वाँटेज येथें त्यांनीं कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तथापि चर्चच्या अधिकाऱ्यांनीं सांगितलेलें प्रत्येक मत मुकाट्यानें मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनीं पुढें दिली. ती उणीव भरून येण्यास सुमारें आठ वर्षें लागलीं. येथें पाणी आधीं, प्रत्यय मागाहून.

नारायण वामन टिळकांच्या बाबतींत क्रम उलटा. १८९३ सालीं आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें दिलेला ‘नवा करार’ त्यांनीं वाचला. मन वळलें, तरी पाऊल उचलण्यास विलंब लागला; १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत संसारानें मोजली. लक्ष्मीबाईंना कांहीं वर्षें पतीपासून दूर राहावें लागलें. परत आल्यावरहि त्या आपलें सोवळें सांभाळीतच होत्या. जातिभेद ईश्वरानें केलेला नाहीं, अशी स्वतःची खात्री पटल्यावरच त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पतीच्या पाण्यानें पत्नी शिष्या होत नाहीं, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास निराळें सांगावयास नको.

एवढी किंमत दिलेल्या टिळकांनींच १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांहि ख्रिस्तशिष्यांना तेथें जागा होती. १९१९ सालीं ते वारले. प्रयोग अपुरा राहिला. या संस्काराचें मोल त्यांनीं कमी लेखलें, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडविणें असा आहे. जुनें जीवन बुडावें आणि नवें वर यावें, ही पौलाची शिकवण. पाणी क्षणांत ओसरतें; जुन्या जीवनांतील अहंता बुडण्यास मात्र श्रद्धावंतालाहि सारा जन्म लागतो.