मॉरिशसचे वादळ आणि गणिताचा एक शिक्षक

फेब्रुवारी १८४५ मध्ये 'चार्ल्स हेडल' नावाचे शिडाचे जहाज मॉरिशसजवळ वादळात सापडले. कप्तानाने वाऱ्याकडे पाठ केली आणि वारा नेईल तिकडे जहाज जाऊ दिले. पाच दिवस ते वेगाने धावत होते, पण धावलेल्या अंतराच्या मानाने पुढे सरकले फारच थोडे. वादळाच्या केंद्राभोवती त्याने पाच प्रदक्षिणा घातल्या होत्या! कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी या जहाजाच्या नोंदी नकाशावर मांडल्या. वादळातला वारा वर्तुळात फिरतो, याचा याहून बोलका पुरावा कोणता? १८४८ साली त्यांनी अशा वादळांना 'सायक्लोन' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'वर्तुळ', 'वेटोळे' या अर्थाच्या शब्दावरून ते घडवले आहे.

त्याच वर्षी चार्ल्स मेलड्रम हे स्कॉटिश गृहस्थ मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्याआधी दोन वर्षे ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. १८५१ मध्ये त्यांनी तेथे हवामान संस्था स्थापन केली आणि बंदरात येणाऱ्या जहाजांच्या रोजनिश्यांतून वारा व वायुभार यांच्या नोंदी जमवण्याचा सपाटा लावला. पुढे पाम्प्लेमूस येथील वेधशाळाही त्यांच्याच हाती आली. सूर्यावरील डाग वाढले की चक्रीवादळेही वाढतात, असे त्यांनी १८७२ साली मांडले. तो संबंध अंदाजाच्या कामी आला नाही, हा भाग वेगळा.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने तेथला उन्हाळा, आणि वादळांचा हंगामही, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. १८९२ चा एप्रिल संपत आला होता. वेधशाळेच्या नोंदींत इतक्या उशिरा बेटावर आलेल्या मोठ्या चक्रीवादळाचा उल्लेख नव्हता. पण नोंद नसणे आणि घडणे अशक्य असणे यांत अंतर आहे. २९ एप्रिलला वादळ आले, तेही नेहमीच्या वाटेने नव्हे, तर वायव्येकडून.

दुपारी वारा थांबला. लोकांना वाटले, संकट टळले. प्रत्यक्षात वादळाचा डोळा बेटावरून जात होता. डोळ्याच्या पलीकडच्या कडेला वारा उलट दिशेने वाहतो. येथे तो पश्चिमेकडून आला. राजधानी पोर्ट लुईच्या पाठीशी डोंगर आहेत. ते पूर्वेचा वारा अडवतात. पश्चिमेला मात्र उघडा समुद्र आहे. तासा-दोन तासांत शहराचा मोठा भाग कोसळला. बेटावर सुमारे १२०० माणसे मेली. उसाच्या मळ्यांवर तेव्हा हिंदुस्थानातून गेलेले हजारो मजूर होते. त्यांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती.

वर्गात हे दाखवायला फळा पुरे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे बाण वर्तुळावर काढावेत, आग्नेयेकडे सरकणारे हे वर्तुळ एका ठिपक्यावरून न्यावे आणि ठिपक्यावरचा वारा आधी कोठून व नंतर कोठून येतो, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे. (आपल्याकडच्या वादळासाठी बाण उलटे काढावे लागतील.)

फेब्रुवारी १९६० मध्ये 'कॅरोल' वादळाचा डोळाही मॉरिशसवरून गेला. झोताचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत पोचला होता. या वेळी मृत ४२ होते. हजारो घरे मात्र उडाली. त्यानंतर गवताच्या आणि पत्र्याच्या घरांच्या जागी सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहू लागली.